खडू, मखमल आणि अधिकार

मी चित्रकलेचा शिक्षक. चेहरा शिकवताना मुलांसमोर हान्स होल्बाइनची रेखाचित्रे ठेवतो. हा जर्मन चित्रकार आठव्या हेन्रीच्या पदरी होता. १५४३ साली लंडनमध्येच वारला. दरबारी माणसांची त्याने काढलेली ऐंशीच्या आसपास चित्रे विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. बहुतेक खडूची.

हे खडू कारखान्यातले नव्हेत. काळा म्हणजे खाणीतला मऊ काळा दगड, आणि तांबडा म्हणजे आपला गेरूच. १५३२ नंतरच्या मुक्कामात तो कागदाला आधी फिकट गुलाबी रंगाचा हात देई. गोऱ्या कातडीचे निम्मे काम तेथेच होई. (माझ्या वर्गात मी कागद विटकरी रंगवून घेतो. गुलाबीवर आमची मुले उतरत नाहीत.)

चेहऱ्यावर तो जीव ओततो. पोशाख मात्र चार रेघांत आटोपतो. माणूस थोडाच वेळ समोर बसणार, कपडा मागाहूनही रंगवता येतो. म्हणून कापडावर तो शब्द लिहून ठेवतो. विल्यम पार या सरदाराच्या चित्रावर पांढरी मखमल, पांढरे साटीन अशी त्याच्या हातची टिपणे आहेत.

ही टिपणे मला केवळ रंगाऱ्याची सोय वाटत नाहीत. १५३३ च्या इंग्रजी कायद्याने कोणी कोणते कापड वापरावे हे पदवी आणि उत्पन्न पाहून ठरवले होते. जांभळे रेशीम राजघराण्याचे, मखमल-साटिनाला पायऱ्या, शेतमजुराने किती किमतीच्या कापडापलीकडे जाऊ नये, तेही लिहिलेले. म्हणजे ‘मखमल’ हा शब्द त्या माणसाची जागा सांगत होता. ज्यांनी ते कापड विणले, रंगवले, त्यांना होल्बाइनसमोर बसण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल.

आपल्याकडे असा कायदा छापावा लागला नाही. गावच तो पाळून घेत होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, अंगावरचे जाड दागिने टाकायला सांगितले, कारण त्यांवरून जात ओळखली जाई.

माझ्या आजीचा फोटो नाही. आईला विचारून विचारून मी तिचे चित्र गेरूने काढले. चेहरा कसाबसा जमला. कपड्यावर होल्बाइनसारखे शब्द लिहायला बसलो. आईने सांगितले तसे लिहिले: जाडेभरडे, गुडघ्यापर्यंत, हातात कथलाच्या पाटल्या. आईने कागद पाहिला आणि म्हणाली, “हे महाडच्या आधीचं. नंतर ती घोट्यापर्यंत नेसायची.”

दुसरा कागद घेतला.