बारा किलोमीटरांवरची शिल्पशाळा

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव लागते. लोणारचे सरोवर पाहावयास निघालेला प्रवासी येथे फार तर चहापुरता थांबतो, काळ्या रानाकडे एकवार नजर टाकतो व पुढे निघून जातो. त्याला दोष देता येत नाही. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर कोणासही ओढून नेईल असेच आहे. परंतु ज्या मुलाला शाळेत असतानाच पेन्सिलीचे वेड लागले आहे, त्याच्या दृष्टीने सुलतानपूरचे महत्त्व निराळे आहे. कारण एका अंगास सुमारे बारा किलोमीटरांवर लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि दुसऱ्या अंगास पैनगंगेच्या काठी मेहकरचा शारंगधर बालाजी, अशा दोन शिल्पशाळांच्या मध्ये हे गाव वसले आहे, आणि दोन्ही शाळांना प्रवेश-अर्ज भरावा लागत नाही.

माझे शिक्षण याच रस्त्यावर झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय शाळेत गिरवले जात. तांब्या, ठोकळा आणि दोन वांगी मांडून छायाप्रकाश शिकविला जाई. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींना तेवढ्याने समाधान नव्हते. एका रविवारी त्यांनी आम्हा तिघांना पहिल्या एस.टी.ने लोणारास नेले, दैत्यसूदनाच्या भिंतीसमोर बसविले आणि पाट्या मांडीवर घेऊन आम्ही पेन्सिली काढतो न काढतो तोच म्हणाले, “आज काढायचे काही नाही. आधी मोजा.” मग सुतळीला गाठी मारून आम्ही दुपारपर्यंत नुसते मोजत राहिलो.

मोजण्यासारखे तेथे फार आहे. मंदिराचा तलविन्यास तारकाकृती आहे. चौरस एका मध्याभोवती थोडथोडा फिरवीत न्यावा आणि प्रत्येक फेरीत त्याचे कोपरे बाहेर डोकवावेत, असा त्याच्या बाह्यरेषेचा हिशेब. पण ही तारका नियमित नव्हे, कारण मुख्य दिशांकडील भद्रे, म्हणजे भिंतीचे पुढे आलेले मधले भाग, रुंद व सरळ राहतात आणि कोनांची रांग त्यांच्या मधल्या जागेत बसवावी लागते. कागदावर हा आराखडा उतरवू पाहणाऱ्या नवशिक्याची रेषा शेवटी मिळत नाही. माझीही मिळाली नाही. बाह्यरेषेचा आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू यांत बोटभर अंतर राहिले, आणि ते लपविण्यासाठी मी शेवटचा कोन थोडा फुगविला. गुरुजींनी कागद उजेडात धरला, त्या फुगीर कोनावर नखाने टिचकी मारली आणि काही न बोलता रबर माझ्या हातावर ठेवले.

या शैलीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची ही पद्धत यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्या नावावर रूढ झाली, जरी त्याच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या, आधीची कितीतरी देवळे त्याच नावाने ओळखली जातात. त्याच हेमाद्रीने संकलित केलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात मूर्तींच्या लक्षणांची वचने गोळा झालेली आहेत, ही गोष्ट मला देवळावरील त्याच्या नावापेक्षा अधिक मोलाची वाटते. विष्णूच्या चतुर्विंशती मूर्ती केवळ आयुधांच्या क्रमाने वेगळ्या होतात: उजवा खालचा हात, उजवा वरचा, मग डावा वरचा आणि डावा खालचा, या प्रदक्षिणक्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असतील तर तो केशव, क्रम बदलला की नाव बदलले. लोणारच्या सरोवरातील क्षारांतही दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारी जुन्या नोंदींत आढळते, आणि अकबराच्या वेळच्या ‘आईन-इ-अकबरी’ने तर काच व साबण यांच्या सामग्रीसाठी या स्थळाची दखल घेतली आहे. महसुलाच्या दप्तराने क्षार जितक्या कसोशीने निवडला, तितक्याच कसोशीने मूर्तीचे चार हात वाचावयास शिकणे, हे आमच्या विद्यार्थिदशेतील खरे काम होते.

मेहकरास आम्ही बालाजीसमोर याचीच उजळणी करीत असू. काळ्या पाषाणातील ही भव्य विष्णुमूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. ती विलायतेस नेण्याचा विचार सरकारात चालला असता गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरात सांगतात. मूर्तीच्या चरणांशी मान वर करून उभे राहिले म्हणजे प्रमाण हा शब्द पुस्तकात किती लहान असतो ते कळे.

प्रत्यक्ष स्थळी बसून नक्कल करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या लेण्यांत हंगामामागून हंगाम बसले. त्यांनी केलेल्या नकलांपैकी पुष्कळशा पुढे लंडनमधील आगीत जळाल्या. मला मात्र असे वाटत आले आहे की त्या मुलांच्या हातांत जे उतरले ते जळाले नसावे. अजिंठा लेणी आमच्याच जिल्ह्याच्या शेजारी. तरीही आजही कलेची पदविका घ्यावयाची तर सुलतानपूरचा मुलगा नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठतो, आणि तेथील वर्गात प्लास्टरच्या ठशावरून जे शिकविले जाते त्याचा अस्सल नमुना आपल्या गावाशेजारी उन्हात उभा आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. लोणारात विज्ञानाचे महाविद्यालय आहे. सरोवराच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे गाव परके नाही. शिल्पाच्या विद्यार्थ्यांसाठी तसे हक्काचे बस्तान येथे असावे, निदान एक खोली, पाण्याचा माठ, आणि पाट्या ठेवावयास भिंतीतले एक कपाट, ही मागणी मी या लेखातून मनापासून करतो.

दैत्यसूदनाकडे जाणाऱ्याने सकाळी लवकर जावे. कोवळे ऊन भिंतीवरून तिरपे सरकते तेव्हा कुंभ, कलश, कपोत या थरांच्या सावल्या एकेक करून सुटतात, कीर्तिमुखाचे डोळे खोल होतात. बाराच्या सुमारास तीच भिंत सपाट, मुकी होते. तेव्हा मंडपात शिरावे. बाहेरच्या प्रकाशाने दिपलेली नजर अंधाराला सरावण्यास काही काळ लागतो, आणि मग छतावरील पौराणिक प्रसंगांची शिल्पपटले हळूहळू वर तरंगू लागतात. आम्ही उताणे पडून ती काढीत असू. भाकरी आणि ठेचा खाऊन झाला की झऱ्याच्या धारेवर जाऊन हात धुवायचे, कारण तेलकट बोट कागदावर उमटले तर गुरुजी पूर्ण कागद बाद करीत.

एकदा भिंतीच्या बाहेर बसलो असताना दर्शनाला आलेल्या एका आजीने काठी टेकवून विचारले, “देव अंदर हाये बाप्पा, तू भाईर काय पाह्यतं?” मी कागद दाखविला. तिने तो उलटा धरला, निरखला, आणि म्हणाली, “हे तं रांगोळी हाये.” तलविन्यासाचे इतके नेमके वर्णन मी त्यानंतर कोठे वाचले नाही.

तो जुना कागद मी जपून ठेवला होता. अलीकडे गावी गेलो तेव्हा सुतळीऐवजी पोलादी टेप घेऊन पुन्हा लोणारास गेलो आणि दक्षिणेच्या बाजूने मोजावयास सुरुवात केली. चूक शेवटच्या कोनात नव्हतीच. तिसऱ्या कोनाची एक खोबण मी त्या वेळी मोजावयाची विसरलो होतो, आणि पुढच्या प्रत्येक कोनाने तो बोटभर फरक निमूटपणे वाहून नेला होता. पायरीवर बसून मी तेवढाच भाग खोडला आणि पेन्सिलीला टोक केले.