जीवनगौरव कशाचा? कर्करोग-संशोधनातली लांब पल्ल्याची माणसे



जीवनगौरव हा शब्द नागपूरकरांना नवा नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र आपण पुष्कळ पाहिले आहे. नटाचा गौरव झाला तर त्याच्या भूमिका आपल्याला आठवतात, लेखकाचा झाला तर पुस्तके आठवतात. पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या माणसाला जीवनगौरव मिळतो तेव्हा त्याने नेमके काय केले, हे सभागृहातल्या बहुतेकांना सांगता येत नाही. आज आपल्याला तेच समजून घ्यायचे आहे.

सुरुवात या रोगाच्या घड्याळापासून करू. आज तंबाखू तोंडात धरली आणि पुढच्या महिन्यात कर्करोग झाला, असे होत नाही. मधे दहा, वीस, कधी तीस वर्षे जातात. म्हणजे कारण एका पिढीत दिसते आणि परिणाम जवळजवळ दुसऱ्या पिढीत. संशोधकाच्या हातात कामाची वर्षे असतात पस्तीस-चाळीस. एवढ्यात एका-दोन प्रश्नांची पक्की उत्तरे मिळाली तरी खूप झाले. म्हणून या क्षेत्रातला गौरव उशिरा होतो, आणि तो बहुधा एका चमकदार शोधाचा नसतो. चिकाटीने धरून ठेवलेल्या एखाद्या प्रश्नाचा असतो.

आता माणसे पाहू. पहिले नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म 1895. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले आणि खानोलकर तिथे विकृतिशास्त्र पाहू लागले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगट पेशींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणे. हे काम खोलीत बसून होते. पण खानोलकरांनी काचपट्टीबरोबर माणसाचीही चौकशी केली. हा माणूस कुठला? काय खातो? तंबाखू गालात धरतो की ओठात? 1944 मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या 1000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी दाखवले की आपल्याकडचे काही कर्करोग थेट सवयींशी बांधलेले आहेत. धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसून बांधल्याने कमरेच्या कातडीला होणारा कर्करोग हे त्यातले एक उदाहरण. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा कर्करोग हे दुसरे. आज हे सोपे वाटते. पण याचा अर्थ असा होता की जी गोष्ट सवयीने येते, ती सवय सुटली की टळू शकते. नशिबाच्या खात्यातला रोग त्यांनी कारणाच्या खात्यात आणला.

दुसरे नाव डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म 1917, पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत कशा ठेवायच्या, ही विद्या त्यांनी तिथे आत्मसात केली आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ती रुजवली. उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासले. विचार करा, उंदरांच्या वंशावळी सांभाळण्यात वर्षेच्या वर्षे! 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय होते 64.

आता या दोघांच्या पलीकडे बघा. कर्करोग किती, कुणाला, कुठे, हे मोजल्याशिवाय पुढचे काही करता येत नाही. त्यासाठी डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. म्हणजे एका शहरातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद, मग तो कोणत्याही दवाखान्यात जावो. आपल्या नागपुरात ती 1980 मध्ये आली. बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण नोंदणी उभी राहिली. रुग्णालयांच्या दप्तरांतून नावे, वये, अवयव उतरवून घेणाऱ्या माणसांचा सत्कार कुणी करत नाही. पण त्यांची वही नसेल तर रोग वाढतो आहे की घटतो आहे, हे सांगणार कोण?

मोजणीच्या पुढची पायरी म्हणजे रोग लवकर पकडणे. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक काम सुरू केले. दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयाच्या मुखावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. स्तन हाताने तपासायचे. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. मग वाट पाहणे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हे 2013 मध्ये कळले. स्तनाच्या कर्करोगाचा निष्कर्ष यायला 2021 उजाडले: पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्के कमी, त्याखालच्या वयात मात्र तसा ठोस फरक नाही. तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही, यावरून वादही झाला. तो वाद व्हायलाच हवा होता. या विद्येची किंमत माणसांच्या आयुष्यात मोजली जाते, हे कोणत्याही मानपत्रात झाकता कामा नये.

आता घरी येऊ. आपल्या विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. यातली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे 1944 च्या त्या 1000 रुग्णांत जे दिसू लागले होते, ते साठ वर्षांनी आणखी पक्के झाले. आणि तरी शाळेबाहेर पडलेल्या पोट्ट्यांच्या खिशात पुडी असतेच. त्यांच्यातल्या काहींची नावे पुढे त्याच नोंदवहीत येतील. तारीख तेवढी अजून पडायची आहे.

म्हणून मला वाटते, या संशोधकांचा गौरव दोन हातांनी करावा लागतो. एका हाताने शाल द्या. दुसऱ्या हाताने त्यांनी सांगितलेले काम करा. आज रात्री घरी आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का? स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात, की तोंड उघडेनासे झाले आहे? यातले काही आढळले तर दंतवैद्याकडे जा, उद्याच जा. घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का, ते विचारा. बहुतेक घरांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

खानोलकर 1978 मध्ये गेले, रणदिवे 2001 मध्ये. त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे. उरलेले अर्धे प्रयोगशाळेत सापडणार नाही. ते आपल्या घरात आणि आपल्या चौकातल्या ठेल्यावर आहे.