नर्सिंगला गेलेल्या मुलीला शिष्यवृत्ती कशासाठी?



उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेला सभासद जाता जाता हळूच विचारतो, "साहेब, पोरगी नर्सिंगला लागलीय. काही मदत होईल का?" तेवढ्यात बाजूला बसलेला दुसरा म्हणतो, "आता तर सरकारच पोरींची फी भरतंय. मग शिष्यवृत्ती कशापायी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हिशोब मांडूनच द्यायला हवं.

प्रथम हे शिक्षण काय आहे ते पाहू. बारावीनंतर नर्सिंगचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.साठी बारावीला विज्ञान शाखा व जीवशास्त्र लागते. आपल्या गावच्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, बाळंतिणीची चौकशी करणाऱ्या ज्या सिस्टर असतात, त्या ए.एन.एम. शिकलेल्या. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असे सरकारचे प्रमाण आहे. म्हणजे दोन-तीन गावांचा भार त्या एकटीवर असतो.

आता फीचे बघू. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला. त्यानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. पूर्वी ती निम्मी होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाख उत्पन्नापर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु २०२४ ची सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे. संस्थेच्या पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ती मिळत नाही. घाईने प्रवेश घेणाऱ्या पालकांची इथेच फसगत होते.

बरं, फी माफ झाली असे धरू. तरी खोली, मेस, गणवेश, बूट, पुस्तकं आणि गावी येण्याजाण्याचं भाडं राहतंच. मंजूर झालेली रक्कम खात्यावर यायला वेळ लागतो, खानावळीचा महिना मात्र थांबत नाही.

कोणी म्हणेल, मुलीने शिकता शिकता चार पैसे मिळवावेत. कला शाखेची मुलगी दुपारी दुकानात काम करू शकते, शिकवण्या घेऊ शकते. नर्सिंगच्या मुलीला ते जमत नाही. तिचा अर्धा अभ्यास वर्गात आणि अर्धा वॉर्डात असतो. पाळ्या बदलतात, रात्रपाळीही येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे बी.एस्सी.ला परीक्षेस बसायला ८० टक्के हजेरी लागते. पदवी हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास तर शंभर टक्के पुरे करावे लागतात. चुकलेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. म्हणून ती रोज गावाहून एस.टी.ने ये-जा करू शकत नाही आणि सुगीला घरी हातभारही लावू शकत नाही.

आता आपल्या घरचा हिशोब. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत रास्त दर द्यावा असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. पण बिल वेळेवर आलं तरी ते दीड वर्षातून एकदा येतं, त्यातही सोसायटीचं कर्ज आधी कापलं जातं. मुलीच्या मेसचं बिल मात्र दरमहा. त्यात एखाद्या साली उजनीचं पाणी कमी पडलं की खोडवाही हातचा जातो. तोडणी मजुराच्या घरी तर बिलाचाही आधार नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल तेवढी असते.

मग शैक्षणिक कर्ज का घेऊ नये? जरूर घ्यावे, पण समजून. नवशिक्या नर्सचा खासगी दवाखान्यातला पगार सुरुवातीला बेताचाच असतो. त्यातून हप्ता आणि घर दोन्ही चालवणं कठीण. अशी मुलगी पैशावाचून दुसऱ्या वर्षाला घरी आली, तर पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो. स्थळं बघायला सुरुवात होते. आधीच्या वर्षाचा खर्च वाया जातो आणि गावाला मिळू घातलेली एक नर्सही जाते.

ही अडचण आजची नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभं केलं आणि पुढे मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. त्या काळी नुसता वर्ग काढून भागलं नाही, त्यांच्या राहण्याची सोयही संस्थेला बघावी लागली. निवाऱ्याची आणि जेवणाची काळजी मिटली, तरच मुलगी शिक्षण पुरं करते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं मुलीचं बँक खाते जूनच्या आत तयार ठेवावे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिची चौकशी महाविद्यालयात अवश्य करावी. आणि मदतीचा अर्ज करताना "परिस्थिती गरिबीची आहे" एवढंच लिहू नये. खोलीला किती, मेसला किती, सरकारकडून किती मिळणार आणि कमी किती पडतात, हे आकड्यांत लिहावं. अर्ज वाचणाऱ्याला मग गरज चटकन कळते.

आणि आपण बाकीच्यांनी? सोलापूरच्या सिव्हिलमध्ये रात्री-अपरात्री आपलं माणूस घेऊन कोण गेलेलं नाही? तिथं सलाईन लावणारी, "घाबरू नका मावशी" म्हणणारी सिस्टर कुणाच्या तरी शेतकऱ्याची नाहीतर मजुराचीच लेक असते. वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर या मुलींच्या मेसच्या बिलाचाही विषय निघावा, एवढीच विनंती.