कोरड्या बोअरला झाकण कोण लावणार?

आपल्यापैकी किती जणांच्या घरी स्विमिंग पूल आहे? सकाळी एका बादलीसाठी रांग लावणाऱ्या हॉस्टेलवाल्यांना हे विचारणं म्हणजे चेष्टाच! तरी सुरुवात तिथूनच करते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरी पूल असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि भोवती किमान १.२ मीटर उंच कुंपण लागतं. गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे लहान मूल त्यातून सरकणार नाही. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि सोडलं की आपोआप बंद होणारं हवं. पोराने बाहेरून कितीही ढकललं तरी ते उघडत नाही. आईचं लक्ष नसेल त्या दोन मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप.

आपल्या आळंदी-चाकण पट्ट्यात घरोघरी पूल नाहीत, पण बोअरवेल मात्र भरपूर. ('कूपनलिका' हा शब्द मी कॉन्व्हेंटवाली इथे येऊन शिकले!) तिच्यासाठीही नियम आहेत बरं का. सुप्रीम कोर्टाने २०१० साली ते घालून दिले. बोअर मारण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं. मशीनवाला नोंदणीकृत हवा. काम चालू असताना भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि मालकाच्या नावपत्त्याचा फलक. नंतर केसिंगभोवती अर्धा मीटर लांबीरुंदीचा सिमेंटचा ओटा, ३० सेंटिमीटर जमिनीत आणि ३० वर. तोंडावर वेल्डिंग केलेली पोलादी प्लेट किंवा नटबोल्टने आवळलेलं झाकण.

आता खरी गोम ऐका. पाणी लागलेल्या बोअरला झाकण बसतंच, कारण आत मोटर असते आणि ती चोरीला जाईल ही भीती असते. कोरड्या बोअरमधून काय चोरीला जाणार? उलट मालक त्यातलं केसिंगही उपसून दुसरीकडे वापरतो. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट, त्याला केसिंग लागत नाही. ते असतं वरच्या माती-मुरमाच्या थरापुरतं. नेमका तोच थर मग ढासळत जातो आणि साडेसहा इंचाचं तोंड रुंद होतं. वर गवत वाढलं की दिसतही नाही.

चाकणच्या पुढे नाशिक हायवेवर मंचर लागतं. त्याच्याजवळच्या थोरांदळे गावात फेब्रुवारी २०१९ मध्ये एका मजुराचा सहा वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. बोअर सुमारे २०० फूट खोल. पोरगा वरच, दहा-एक फुटांवर अडकला म्हणून निभावलं. एनडीआरएफच्या जवानांनी सोळा-एक तासांनी त्याला जिवंत बाहेर काढलं. त्यांची बटालियन सुदुंबऱ्याला, आपल्या शेजारीच आहे. पण प्रत्येक वेळी पोर दहा फुटांवरच अडकेल असं थोडंच आहे?

कोर्टाचा आदेश याबाबतीत अगदी स्पष्ट आहे: सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा बोअरचाच चुरा टाकून भरायचा आणि तसा दाखला घ्यायचा. खर्च किती? मी गणित केलं. साडेसहा इंच व्यास, २०० फूट खोली, म्हणजे साधारण ४६ घनफूट. अर्धा ब्राससुद्धा नाही! आणि चुरा तर तिथेच शेजारी पडलेला असतो. माझ्या मते परवानगीपेक्षा या दाखल्यावर जोर हवा. परवानगी मागताना मालकाला पाणी हवं असतं, म्हणून तो कागद करतो. बोअर फेल गेल्यावर त्याला काहीच नको असतं.

देखरेख गावात सरपंच आणि कृषी खात्याकडे, शहरात ज्युनिअर इंजिनिअर आणि संबंधित खात्याकडे. (सिव्हिलवाल्यांनो, उद्या तुमच्याकडेच!) वापरातले किती, उघडे किती, बुजवलेले किती, अशी नोंद ठेवायची आहे. आळंदीत त्यासाठी नगरपरिषद. चऱ्होली, मोशी, डुडुळगाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत. ती नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.