तेल पोचले की नाही, हे कसे कळावे?

बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचे राहिले, की चाक कुरकुरू लागते. गाडीवानाला वेगळे सांगावे लागत नाही. बिघाडच त्याला हाक मारतो. मोठ्या यंत्रात असे होत नाही. तिथे एखाद्या बेअरिंगचे तेल बंद झाले, तरी ते बाकीच्या आवाजात ऐकू येत नाही. लक्षात येते तेव्हा बेअरिंग तापून जळालेले असते.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याही कारखान्यात उसाचे गाळप करणारे रोलर मिनिटाला जेमतेम ४ ते ६ फेरे घेतात. पण त्यांच्यावर भार असतो शेकडो टनांचा. वेगाने फिरणारा दांडा आपल्याभोवतीचे तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर जवळजवळ तरंगतो. संथ फिरणाऱ्या रोलरला हे साधत नाही. म्हणून तिथे दाट तेल पंपाने, दाबाखाली पोचवावे लागते. गाळप रात्रंदिवस चालते. ते थांबले, तर तोडलेला ऊस वाळतो, त्यातली साखर घटते, आणि गाडीवर ऊस घेऊन आलेला शेतकरी ताटकळतो. एका बेअरिंगचे तेल इतके महाग पडू शकते.

आपोआप तेल देण्याचा सर्वांत जुना आणि सोपा मार्ग म्हणजे वात. वर्गात हे करून पाहता येईल. वाटीत गोडेतेल घ्या. कापसाच्या जाड वातीचे एक टोक तेलात बुडवा. दुसरे टोक वाटीबाहेर, तेलाच्या पातळीपेक्षा खाली लोंबू द्या. थोड्या वेळाने थेंब पडू लागतील. एका मिनिटात किती पडतात ते मुलांना मोजायला सांगा. मग वाटी गरम पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. तेल पातळ झाल्याने थेंब वाढलेले दिसतील. हिवाळ्यातल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी हेच घडणार. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येईल: यंत्र बंद असले तरी वात तेल देतच राहते.

यावरून चांगल्या योजनेच्या अटी आपल्या हाती येतात. यंत्र चालू असेल तेव्हाच तेल मिळावे. हवामान काही असो, माप तेच राहावे. आणि तेल अडले, तर ते कळावे.

पहिल्या अटीचे एक उत्तर एलिजा मॅकॉय या कृष्णवर्णीय अभियंत्याने दिले. गुलामीतून निसटून कॅनडात गेलेल्या आईवडिलांचा हा मुलगा स्कॉटलंडमध्ये अभियांत्रिकी शिकला. पण अमेरिकेतल्या रेल्वेत त्याला काम मिळाले ते कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे. वाफेच्या दाबावर इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या साधनाचे पेटंट त्याने १८७२ साली घेतले. इंजिन चालवणारी वाफच तेल ढकलणार, म्हणून तेल देण्याचे कोणी विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी अट सर्वांत अवघड. ठिबक सिंचनाची नळी आठवा. एक छिद्र गाळाने बुजले, तर पाणी बाकीच्या छिद्रांतून निघून जाते. पंपाला काही जाणवत नाही. चार दिवसांनी झाड सुकते, तेव्हा आपल्याला कळते. एका पंपापासून दहा बेअरिंगांना साध्या फाट्यांनी तेल दिले, तर हेच होईल. तेल सोप्या वाटेने जाईल आणि अडलेले बेअरिंग मुकाट उपाशी राहील.

यावरचा उपाय खो-खोसारखा आहे. बसलेल्या गड्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. तसेच एका ठोकळ्यात काही दट्ट्ये ओळीने बसवतात. एक दट्ट्या पूर्ण सरकला, की मोजके तेल त्याच्या बेअरिंगकडे जाते आणि मगच पुढच्या दट्ट्याची वाट उघडते. दट्ट्याची सरक ठरलेली असल्याने मापही ठरलेले राहते. एक नळी बुजली, की तिचा दट्ट्या अडतो, खो पुढे जात नाही आणि सगळी रांग थांबते. पंपाचा दाब वाढतो आणि त्या दाबावर घंटा वाजते.

एकासाठी सगळ्यांचे तेल बंद करणे विचित्र वाटेल. पण बेअरिंगमध्ये उरलेल्या तेलावर थोडा वेळ निभावते, आणि घंटा वाजल्यावर दुरुस्तीला तेवढा अवधी मिळतो. गुपचूप होणारा बिघाड इथे बोलका केला आहे.

तरी एक उणीव राहते. ठोकळ्यापुढची नळी बुजली नाही, तर फुटली, तर? दट्ट्या आरामात सरकेल, घंटा वाजणार नाही, आणि तेल जमिनीवर सांडत राहील. हा बिघाड पकडायला एकतर बेअरिंगच्या तोंडाशी वेगळी खूण हवी, नाहीतर फेरी मारून हाताने ऊब तपासणारा माणूस हवा. मुलांना हे आधी सांगू नका. ‘ही योजना कशी फसवता येईल?’ एवढेच विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.