डोळ्यांना विसावा द्या, पण चष्मा टाळू नका

डोळे ही अल्लाहने दिलेली मोठी नेमत. शिवणकाम, मोबाइल, अभ्यास यांत बराच वेळ जवळ पाहिले की डोळ्यांतील स्नायू ताणलेले राहतात, पापण्याही कमी लवतात. मग डोळे जळजळतात, कपाळ दुखते.

यावर सोपा व्यायाम आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहा. अंगणातला कडुलिंब, मशिदीचा मिनार काहीही चालेल. नंतर दहा वेळा सावकाश पापण्या मिटा-उघडा. तळहातांनी डोळे हलकेच झाका, दाबू नका.

याने थकवा जातो. चष्म्याचा नंबर मात्र जात नाही. आमच्या भूमसारख्या गावात "मुलीला चष्मा लागला तर स्थळ कसे येणार?" या काळजीने काही घरे व्यायामावरच थांबतात. तोवर फळा न दिसल्याने मुलगी अभ्यासात मागे पडते.

मूल डोळे बारीक करून पाहते, वही नाकाजवळ धरते? तर लगेच तपासणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत येते, त्यांना सांगा. मुलांना रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळू द्या. त्याने जवळची नजर होण्याचा धोका कमी होतो. चष्मा हा ऐब नव्हे. इल्म शिकायला आधी अक्षर दिसले पाहिजे.