पावतीवरचा किलो येतो कोठून?



गाळप हंगाम सुरू झाला की काट्यावरची गर्दी वाढते आणि पारावरची चर्चाही वाढते. "या खेपेला वजन कमीच भरलं", "एवढ्याच उसाचं मागं जास्त निघालं होतं", हे बोलणे गावोगाव ऐकू येते. अशा वेळी नुसती शंका घेऊन भागत नाही आणि नुसता विश्वास ठेवूनही भागत नाही. पावतीवरचा किलो येतो कोठून, त्याची हमी कोण देतो आणि काट्यावर आपण स्वतः काय पाहावे, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असले पाहिजे.

नाव एक, वजने अनेक

आपल्या आजोबा-पणजोबांचा व्यवहार शेर, पायली, मण, खंडीत चाले. पण मण म्हणजे किती? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. मद्रासचा २५ पौंडांचा. बंगालचा मात्र सुमारे ३७.३ किलोचा, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट! देशात अशा शंभराहून अधिक पद्धती होत्या. घेताना एक माप आणि देताना दुसरे, असे करायला व्यापाऱ्याला मोकळे रान होते. त्यात मार बसे तो शेतकऱ्यालाच.

इंग्रज सरकारने १८७०-७१ मध्ये किलोएवढा शेर ठरवणारे कायदे केले, पण ते कागदावरच राहिले. खरे काम झाले ते स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले आणि १९६२ मध्ये वजनाच्या व्यवहारात ते सक्तीचे झाले.

पॅरिसचा किलो, दिल्लीचा किलो

२० मे १८७५ रोजी पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मापांचा करार केला. पुढे १८८९ साली प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा एक लहानसा दंडगोल जगाचा मूळ किलो म्हणून मान्य झाला. त्याची उंची आणि जाडी प्रत्येकी सुमारे ३९ मिलिमीटर. तो पॅरिसजवळ सेव्र येथे कुलपात ठेवला गेला आणि त्याच्या नकला देशोदेशी वाटल्या गेल्या.

भारत १९५७ साली या करारात आला. आपल्या वाट्याची नक्कल ५७ क्रमांकाची. ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. या प्रयोगशाळेची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी बसवली आणि उद्घाटन २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते झाले.

दिल्लीचा किलो आपल्या काट्यापर्यंत येतो तो साखळीने. राष्ट्रीय प्रयोगशाळेवरून केंद्र सरकारच्या विभागीय प्रयोगशाळांतील संदर्भ वजने तपासतात. त्यांवरून राज्याची दुय्यम वजने, त्यांवरून वजनमापे निरीक्षकाची कामाची वजने, आणि त्यांवरून दुकानदाराचा तराजू व कारखान्याचा भुईकाटा. मध्ये एक कडी जरी निखळली तरी दिल्लीचा किलो कितीही चोख असो, आपल्या पावतीला त्याचा उपयोग नाही.

मूळ किलोच बदलला तर?

शंभर वर्षांत मूळ किलो आणि त्याच्या नकला यांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. साखरेच्या एका दाण्याहूनही हा फरक कितीतरी कमी. पण नक्कल जड झाली की मूळ हलका झाला, हे सांगणार कोण? ज्याने जग मोजायचे, त्यालाच मोजायला दुसरे माप नव्हते.

म्हणून १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे राष्ट्रांनी ठराव केला आणि २० मे २०१९ पासून किलो धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या अंकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बसवला. ब्रायन किबल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून झालेल्या तराजूत वस्तूचा भार विजेच्या चुंबकीय जोराने तोलतात व त्यावरून किलो काढतात. यामुळे आपल्या उसाचे वजन तसूभरही बदलले नाही. फरक इतकाच, की आता ज्याच्याकडे तसे साधन आहे तो देश पॅरिसला न जाता किलो सिद्ध करू शकतो. पुढचा काळ या दिशेचा आहे. धातूचे वजन मात्र रोजच्या तपासणीला लागणारच.

हिशेब आपल्या घरचा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. समजा ट्रॉलीत १५ टन ऊस आहे आणि काटा शेकडा एकने कमी दाखवतो. १५० किलो गेले, म्हणजे एका खेपेला ५३२ रुपये. उलट काटा जास्त दाखवू लागला, तर पाच लाख टन गाळपावर पाच हजार टन न आलेल्या उसाचे पैसे कारखान्याला मोजावे लागतील. कारखाना आपलाच, तेव्हा तेही आपल्याच खिशातून. काटा चोख असण्यातच दोघांचे हित आहे.

उताऱ्याचेही तसेच. त्याच हंगामात ०.१ टक्का जादा उताऱ्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये जादा ठरले. उतारा काढताना पोत्यांच्या वजनाबरोबर प्रयोगशाळेतील मोजणीही लागते. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात, २० अंश उष्णतामानाला, प्रकाशाला जेवढे वळण देते ते १०० अंश धरतात. हे यंत्र बरोबर आहे की नाही, ते ठरीव वळणाच्या क्वार्ट्‌झच्या चकतीने तपासतात. म्हणजे तिथेही मानक आलेच.

काट्यावर काय पाहावे?

१. गाडी चढण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, ते पाहावे. फळीखाली चिखल, पाचट, दगड अडकला तरी वजन चुकते.

२. भुईकाट्याची सरकारी पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र आणि त्यावरील तारीख वाचावी. शिक्का तुटलेला नसावा.

३. भरलेली आणि रिकामी, अशी दोन्ही वजने पावतीवर असावीत. चालक भरगाडीच्या वेळी खाली उतरला असेल तर रिकामीच्या वेळीही खालीच असावा.

४. शंका आली तर तीच गाडी फळीच्या पुढे, मध्ये आणि मागे उभी करून वजन घेण्यास सांगावे. चांगल्या काट्यात तिन्ही आकडे जुळतात. दहा किलोच्या भागाचा काटा असेल, तर १५ टनांवर पडताळणीत दहा किलोपर्यंत फरक नियमात बसतो. त्याहून जास्त आला तर लेखी तक्रार द्यावी.

काट्याबद्दल विचारणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. पणजोबांना मण किती किलोचा हे विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे, आणि ती वापरणे हा सभासदाचा हक्क आहे, तसेच कर्तव्यही. दिल्लीपासून आलेल्या साखळीची शेवटची कडी आपल्या कारखान्याच्या आवारात आहे. तिच्यावर नजर ठेवायची ती आपणच.